चार नंबरचा नवरदेव

अमरावतीच्या इतवारा बाजारात अन्सारभाईचं दुकान शोधायचं असेल तर पाट्या वाचत बसू नका. त्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते आता त्याला स्वतःलाही लागत नाही. मान वर करा आणि चालत राहा. ज्या छपरावर लोखंडी पाइप, ॲल्युमिनियमच्या काड्या आणि तांब्याच्या तारा यांचं रान माजलेलं दिसेल, त्याच्या खाली बसलेला माणूस म्हणजे अन्सारभाई. तोही बहुतेक वरच बघत असेल.

एके काळी निम्म्या शहराच्या छपरांवर त्याच्या हातचा अँटेना होता. घरात नवा टीव्ही आला की पेढ्यांच्या आधी अन्सारला बोलावणं जायचं. तो वर चढायचा, पाइप धरायचा आणि हळूहळू फिरवायचा. खालून अख्खं घर ओरडायचं, "आलं, आलं... गेलं. थोडं इकडं. आता नुसत्या मुंग्या." या ओरडण्यात अन्सारला एक गोष्ट फार लवकर कळली. चित्र येत-जात असतं तोवर खालची माणसं ओरडतात, आणि ते नीट आलं की गप्प होतात. वर एक माणूस उन्हात पाइप धरून उभा आहे हे साफ विसरून जातात. मग तो तारेनं पाइप आवळायचा, आपणच खाली उतरायचा आणि चहा मिळाला तर प्यायचा. त्याला याचं कधी वाईट वाटलं नाही. घर गप्प झालं म्हणजे काम झालं, एवढा त्याचा सरळ हिशेब होता.

पुढे डिशच्या छत्र्या आल्या. छत्री एकदा आकाशाकडे तोंड करून बसवली की वर्षानुवर्षं तिकडेच बघत राहते, तिला अन्सारचं काही काम नसतं. मग तो कूलर आणि मिक्सर दुरुस्त करू लागला. पोट भरत होतं, पण माणूस कोमेजला. कूलर सुधारला की वारा येतो, हे खरं. पण वाऱ्यासाठी कोणी "आलं, आलं" म्हणून ओरडत नाही.

आणि मग त्याची मुलगी अलीझा माहेरपणाला आली ती ड्रोन घेऊन.

अलीझा अकोल्याला दिलेली. तिच्या नवऱ्याचा, साजिदचा, तिथे फोटो स्टुडिओ आहे. तो लग्नात खालून फोटो काढायचा आणि ही वरून. रीतसर शिक्षण घेऊन, परवाना काढून ती ड्रोन उडवायला लागली होती. हे ड्रोन तर तिने स्वतःच जोडलेलं होतं. त्यातला कॅमेरा चित्र हवेत सोडायचा आणि खाली छोट्या पडद्यावर ते दिसायचं, अगदी जुन्या टीव्हीसारखं. रहाटगावच्या बाजूला मोकळ्या रानात तिने ते अब्बाला उडवून दाखवलं. बाभळींच्या पलीकडे गेल्याबरोबर पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

अन्सारने पडदा दोन्ही हातांत धरला. कितीतरी वर्षांनी मुंग्या दिसत होत्या. हरवलेली म्हैस आपणहून दारात येऊन उभी राहावी तसा आनंद त्याला झाला.

"याले अँटेना पायजे," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून घरात कुणाला सुख म्हणून राहिलं नाही.

चिवड्याच्या डब्याचा अँटेना झाला. खुर्शीदबीची पिठाची चाळणी भिंतीवरून गायब झाली आणि एका पाइपच्या टोकाला तारेनं आवळलेली सापडली. खुर्शीदबी म्हणजे अन्सारची बायको. जिभेची तिखट, पण खेळात पहिल्यांदा तीच शिरायची. "आता पोया काय ड्रोनच्या खाऊ?" असं म्हणत ती पडदा घेऊन तिवसा रोडला उभी राहायची आणि हा दूरवर पाइप फिरवत बसायचा. एकदा चाचणी चालू असताना पडद्यावर भलतीच हळद दिसायला लागली. कुणाची कोण नवरी, अंगभर हळद, मागे बायका नाचताहेत. खुर्शीदबीने अन्सारला हाक मारलीच नाही. हळद संपेपर्यंत ती बघत उभी राहिली, आणि करवलीचा ब्लाउज चुकलाय असा निकाल देऊन मगच "गेलं" म्हणाली. खरं तर त्याच दिवशी अन्सारने शहाणं व्हायला हवं होतं. पण आपला अँटेना इतक्या लांबचं ओढतो, या खुशीत तो तरंगत घरी आला.

तोवर त्याचं नाव झालं होतं. अकोल्याची, अमरावतीची, तालुक्याच्या गावांची ड्रोनवाली पोरं दुकानात यायची आणि अन्सार प्रत्येकाला तीन वस्तू द्यायचा. एक अँटेना, एक बूस्टर आणि चार नंबर. बूस्टर म्हणजे आलेलं चित्र जोरकस करणारी डबी. अन्सारचा तिच्यावर जीव. भाजीत तिखट आणि तारेत बूस्टर, कमी पडला तर घरधन्याची इज्जत जाते, असं त्याचं मत होतं. ड्रोनवर मात्र अलीझाने त्याला तो लावू दिला नाही. "अब्बा, तिकडे जोर वाढवायची परवानगी नाही. आणि ड्रोन नजरेच्या बाहेर न्यायचंच नसतं," तिने एकदा बजावून सांगितलं. अन्सारने ते लगेच मानलं. बोलणाऱ्याच्या तोंडाला नाही तर ऐकणाऱ्याच्या कानाला लावू, असं म्हणून तो बूस्टर फक्त चित्र पकडणाऱ्या बाजूला बसवू लागला.

राहिला चार नंबर. ड्रोन कुठल्या नंबरावर चित्र सोडणार ते ठरवावं लागतं. अन्सारच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा चित्र आलं होतं ते चार नंबरची खटकी दाबल्यावर. तेव्हापासून चार म्हणजे बरकतीचा आकडा. जो येईल त्याला तो चारच लावून द्यायचा. कुणी विचारलंच तर "आपला चार चांगला चालते" एवढंच सांगायचा.

आता सुभद्रावहिनींची गोष्ट.

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात पुंजाराम राहतो. त्या गावातला पहिला टीव्ही त्याचा, आणि त्याच्यावरचा अँटेना अन्सारचा. पुंजारामचं लग्न नुकतंच झालं होतं. नवी नवरी सुभद्रा खाली टीव्हीसमोर उभी, पण सासऱ्यासमोर ओरडायचं कसं? म्हणून ती पदरात तोंड लपवून "आलं" असं पुटपुटायची. अन्सार वरून कान देऊन देऊन थकला. शेवटी तो अंदाजानेच खाली आला, तर चित्र आरशासारखं लख्ख. तेव्हापासून दोन्ही घरांचा जिव्हाळा. ईदचा शिरखुर्मा इकडून तिकडे, तुरीच्या शेंगा तिकडून इकडे.

त्या सुभद्राची एकुलती एक लेक वर्षाली, तिचं लग्न ठरलं. आमंत्रण द्यायला नवराबायको दोघं दुकानी आले. पुंजाराम आनंदात होता, पण सुभद्रा चहाचा कप हातात धरून नुसती बसली होती.

"काहून वो, लेकीच्या लग्नाचा आनंद नाही काय तुमाले?" खुर्शीदबीने विचारलं.

मग ते बाहेर आलं. पुंजारामच्या घराण्यात, आणि सुभद्राच्या माहेरीही, नवरीच्या आईने अक्षता पडताना लग्न बघायचं नसतं. मंडप शेतात, आणि तिने घरी अंगणात तुळशीला पाणी घालत बसायचं.

"माह्या मायनंबी माहं लगन नाही पाह्यलं," सुभद्रा म्हणाली. "मरेपर्यंत विचारत राह्यली मले. अक्षता पडल्या तवा तू कशी दिसत होती व, सुभद्रे? आता मले काय मालूम मी कशी दिसत होती. मी तं खाली मान घालून उभी होती. आता मीबी वर्षालीले तसंच विचारत राहीन."

खुर्शीदबीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आधीच छपराकडे बघत होता.

फोनवर का नाही, असं कुणाच्याही मनात येईल. पुंजारामनेही विचारलं. पण त्या गावात एरवीच फोनवर बोलायला पाराच्या ओट्यावर चढावं लागतं. त्यात लग्नाची गर्दी जमली की बोलणं कसंबसं होतं आणि चित्र मात्र गोठून बसतं. ड्रोनच्या चित्राला असल्या कुणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती. अलीझा मंडपाच्या कडेला राहून उडवेल, अन्सार घराच्या गच्चीवर अँटेना धरेल, आणि तार खाली अंगणात तुळशीजवळ ठेवलेल्या टीव्हीला जाईल.

"वहिनी, तुमाले तुमच्या लेकीचं लगन दाखवतो," अन्सार म्हणाला. "जबान देली."

अडचण एकच उरली, मैनाआत्या. पुंजारामच्या घरातल्या सगळ्या रीतीभातींची किल्ली या आत्याच्या कमरेला. तिला विचारलं, टीव्हीत पाह्यलं तर चालते का? आत्याने सुपारी कातरत कातरत बराच विचार केला.

"टीव्हीत पाह्यनं म्हंजे पाह्यनं नोहे," ती म्हणाली. "टीव्हीत आपन लंका जळतानी पाह्यली. मंग काय आपन लंकेले गेलतो काय?"

अन्सारला तर वाटलं, आत्याचा निकाल चौकटीत बसवून दुकानात लावावा.

लग्नाच्या दिवशी ऊन सकाळपासूनच पेटलेलं. अन्सार पहाटेच गच्चीवर चढला होता. पाइप उभा केला, वर तांब्याचा अँटेना, मागे खुर्शीदबीची चाळणी, खाली बूस्टर. कानात फोनची वायर. खाली अंगणात तुळशीसमोर सुभद्रा पाण्याचा गडवा आणि मूठभर अक्षता घेऊन बसली होती. शेजारी बाजेवर मैनाआत्या आणि टीव्हीपाशी खुर्शीदबी. बाकीचं घरदार मंडपात गेलेलं. मंडप कडुनिंबांच्या पलीकडे, इथून फक्त वाजंत्री ऐकू येत होती.

"अब्बा, उडवलं," अलीझाचा आवाज आला.

अन्सारने पाइप फिरवला. "आलं काय?"

"मुंग्या," खालून खुर्शीदबी. "मुंग्या... आलं. आलं, आलं, आलं..."

आणि मग सगळं शांत.

अन्सारने डोळे मिटून घेतले. तीच जुनी शांतता. त्याने तारेनं पाइप आवळला, रुमालाने तोंड पुसलं, आणि या जगात आपल्यासारखा सुखी माणूस नाही असं त्याला मनापासून वाटलं.

खाली चित्र खरोखरच फार सुरेख आलं होतं. लाल-पिवळा मंडप, माणसांची दाटी, बाशिंग बांधून उभा नवरदेव. सुभद्रा पुढे सरकली, आणखी पुढे सरकली.

"खुर्शीदबी," ती हळूच म्हणाली, "जावयाले मिशी कवा आली?"

"लग्नासाठी ठेवली असन."

"मांगच्या हप्त्यात नव्हती ना वो."

"मिशी असलेली बरी," बाजेवरून मैनाआत्या म्हणाली. तिला स्वतःला टीव्हीत नुसताच उजेड दिसत होता. "मानूस भारदस्त दिसते. टाक तू अक्षता." आणि तिने आपल्या वाटच्या दोन अक्षता टीव्हीवर टाकूनही दिल्या.

एवढ्यात नवरीने मान वर केली. शालू हिरवा होता. वर्षालीचा तर पिवळा. आणि चेहरा कुणाच्या तरी दुसऱ्याच लेकीचा, गोरागोमटा, हसरा.

"अवो," सुभद्रा म्हणाली, "हे तं दुसऱ्याचंच लगन हाय."

खुर्शीदबीने गच्चीकडे तोंड करून हाक दिली, "अजी सुनता काय? नवरदेव बदलला."

अन्सारला आधी काही उमगेना. गप्प झालेलं घर आजवर कधी खोटं निघालं नव्हतं. तो फोनमध्ये म्हणाला, "बेटा, तू कोनाचं लगन दाखवून राह्यली?"

"कोणाचं म्हणजे? वर्षालीचंच. मंगलाष्टकं सुरू झाली, अब्बा."

"जावयाले मिशी हाय काय?"

"नाही."

मग एकदम अन्सारच्या डोक्यात उजेड पडला. नांदगावचा भगवंत. लग्नांचं शूटिंग करतो, मागच्याच महिन्यात ड्रोन घेऊन दुकानी आला होता. आज पलीकडच्या गावाला ऑर्डर आहे, असं तेव्हाच सांगून गेला होता. ते गाव चढावर, मध्ये एक झाड नाही. अँटेना अन्सारचा, बूस्टर अन्सारचा आणि नंबर चार. अख्ख्या मुलुखाला त्याने एकच आकडा वाटून ठेवला होता. त्या दिवशीची ती हळद कुठून आली होती, तेही त्याला आत्ता कळलं.

त्याने लेकीला सगळं सांगितलं.

"सगळ्यांना चार, अब्बा?"

"बरकतीचा हाय ना."

"आता खाली उतरवून नंबर बदलते म्हटलं तर अक्षता पडून जातील," ती म्हणाली. "ऐका. बूस्टर काढा. तो दोघांचंही ओढतोय आणि भगवंतचं जोराचं आहे. साधा अँटेना ठेवा आणि त्याचं तोंड नीट आमच्याकडे करा. मी ड्रोन कडुनिंबांच्या थोडं वर घेते. नजरेतच ठेवते."

बूस्टर काढा. हे त्याला पोटच्या पोरीने सांगावं? पण खाली सुभद्रा होती आणि दिलेली जबान होती. अन्सारने डबी उपटली, तार थेट जोडली आणि आवळलेला पाइप मोकळा केला.

"आता बोला," तो वरून म्हणाला.

"मुंग्या," खुर्शीदबी.

त्याने केसभर फिरवला.

"मिशीवाला आला. गेला. मुंग्या. पिवळं काहीतरी दिसलं. गेलं."

पाइप तापून लाल व्हायचा बाकी होता. अन्सारने त्याला रुमाल गुंडाळला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. बूस्टरविना चित्र इतकं नाजूक झालं होतं की श्वास घेतला तरी हलत होतं. खाली मैनाआत्या विचारत होती, "अक्षता टाकल्या त्या वाया गेल्या काय?" आणि खुर्शीदबी तिला सांगत होती, "कोनाच्या तरी कामी आल्या ना, आत्याबाई." निंबांच्या पलीकडून गुरुजींचा आवाज चढत होता. शेवटचं कडवं असावं.

"आलं," खुर्शीदबी म्हणाली. "गेलं. आलं..."

आणि मग कोणीच काही बोललं नाही.

अन्सार थांबला. "आलं काय?" त्याने विचारलं. उत्तर नाही. "खुर्शीद, कोनतं आलं?" उत्तर नाही. आजवर याच शांततेवर त्याने सगळा धंदा केला होता, आणि आज घटकाभरापूर्वी तिनेच त्याला फसवलं होतं. खाली पिवळा शालू आहे की हिरवा? वळून वाकून बघावं, तर पाइप हलणार. त्याची पाठ अंगणाकडे होती आणि छाती मंडपाकडे, आणि मंडपही दिसत नव्हता. खिशात फोन थरथरत होता, कानातली वायर केव्हाच निसटली होती. घाम डोळ्यात उतरला तरी त्याने हात हलवला नाही. तो मनातल्या मनात हसायला लागला. भर उन्हात चाळणीला मिठी मारून उभा असलेला म्हातारा कुणी बघितला तर काय म्हणेल, याचंच त्याला हसू येत होतं, आणि त्याच वेळी तो घाबरलाही होता.

पलीकडे "सावधान" झालं. बँड फुटला, फटाके वाजले. चढावरच्या गावाकडूनही फटाके वाजले. त्याच मुहूर्तावर तिकडेही लागलं होतं.

अन्सार तसाच उभा राहिला. बँड थांबला, पंगतीची गडबड ऐकू येऊ लागली, वांग्याच्या भाजीचा वास गच्चीपर्यंत आला, तरी त्याने पाइप सोडला नाही. खाली अजूनही कोणी बोलत नव्हतं.

मग जिन्यावर पावलं वाजली. सुभद्रा वर आली होती. पदर ओला, हातात रिकामा गडवा. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि नव्या नवरीसारखी पदरात तोंड लपवून म्हणाली, "आलं."

अन्सारने पाइप सोडला. हात तसेच वाकडे राहिले.

"सोडायचं सांगाले इसरलोच आमी," ती म्हणाली. "खुर्शीदबी तं अजून रडून राह्यली. तुमी पाह्यलं ना, अन्सारभाऊ? अक्षता पडल्या तवा कशी दिसत होती माही पोट्टी?"

"मले कुठं दिसते, वहिनी," तो म्हणाला. "मी तं वर होतो."

सुभद्रा त्याच्याकडे बघतच राहिली. किती वर्षं हा माणूस कुणाच्या न कुणाच्या छपरावर उभा होता, हे तिच्या जणू आत्ता ध्यानात आलं. तिने गडवा बाजूला ठेवला आणि तापलेल्या गच्चीवर, निंबाची जरा सावली होती तिथे, फतकल मारली.

"बसा," ती म्हणाली. "सगळं सांगतो तुमाले, पहिल्यापासून. अगुदर त्या मिशीवाल्याचं सांगू का थेट वर्षालीचं?"

"मिशीवाल्यापासूनच सांगा," अन्सार म्हणाला, आणि वाकडे झालेले हात मांडीवर घेऊन ऐकायला बसला.